लोणारच्या काठी तुम्ही एकदाच विचारलंत

वैनी,

लोणारचं सरोवर वैनींना मी दाखवलं, असं मी चारचौघांत सांगत असे. दूध संघातल्या माणसांना सांगितलं, अर्चनाच्या माहेरी सांगितलं. आमच्या वैनी पंढरपूरच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या, मी त्यांना थेट लोणारपर्यंत नेलं, असं. तुमच्या मातीला आलेल्या बायकांतही कुणीतरी तेच काढलं. धाकट्या दिरानं हौसेनं फिरवलं की हो बाईला, म्हणाली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडू आवरतोय.

त्या काठावर काय झालं ते तुम्हाला आणि मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. आता ते सांगायला तुम्हीच उरलात, म्हणून तुम्हालाच सांगतो.

तुमचा आवाज मोठा होता. कबनूरला तुमच्या माहेरच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. त्या खडखडाटावरून हाक पोचवायची म्हणून तुमच्या घरी सगळेच ओरडून बोलायचे, अगदी चहा घ्या म्हणतानासुद्धा. लग्न होऊन आमच्या मळ्यातल्या घरात आलात आणि तुम्हाला झोप लागेना. आईनं विचारलं तर म्हणालात, लई गप्प हाय हितं, भ्या वाटतंय. आई ते पुढं कितीतरी वर्षं हसत हसत सांगायची. तुम्ही मग ते घर गप्प राहूच दिलं नाही. तुम्ही परड्यातून हाक मारली की ओढ्यापलीकडच्या रानातली माणसं वर बघायची. दादा मुलखाचा अबोल. त्याच्या वाटचंही तुम्हीच बोललात.

मी तेव्हा शाळेत होतो. खाकी चड्डीतलं पोर. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून भावजी म्हणालात आणि अहो-जाहो केलंत. भावजी, नाक पुसा. भावजी, मारामारी करून आलासा व्हय? अख्खी आळी हसायची. पण मला 'तुम्ही' म्हणणारं जगात पहिलं माणूस तुम्ही. तुमची मनीषा पुढं झाली, शाहूवाडीकडं सासरीही गेली. तिच्या आधी तुमच्या हाताखाली वाढलेलं पोर मी होतो. शेतीतलं तुम्हाला काही येत नव्हतं. उसाची लागण आणि खोडवा यातला फरक तुम्हाला मी सांगितला, आणि दोन वर्षांत तुम्ही मलाच रानातून हाकलायला लागलात, की पाणी कसं धरायचं कळत न्हाई, व्हा बाजूला.

आई गेल्यावर वाटणी झाली तीही तुमच्यामुळं बिनभांडणाची झाली. वरचं रान दादाला, ओढ्याकडचं मला. मी कोल्हापुरात दूध संघात नोकरीला, माझं रान वाट्यानं दुसरा माणूस करायचा. त्यानंतर काही वर्षांनी वरच्या रानात मीठ फुटलं.

आधी एका कोपऱ्यातला ऊस पिवळा पडला. मग उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय धरायला लागली. आपल्या तालुक्यात यात नवं काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या उसाला तुडुंब पाणी पाजलं, ते खाली तुंबलं आणि जमिनीतलं मीठ घेऊन वर आलं. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीच्या पोटात भोकं पाडलेल्या पाईपा पुरायच्या आणि तुंबलेलं खारं पाणी ओढ्यात सोडायचं. शेजारच्यांनी ते केलं. त्यांची रानं परत आली. तुमच्या रानातलं पाणी ओढ्याला न्यायचं तर मध्ये माझं रान होतं.

आणि मला तो तुकडा विकून कोल्हापुरात फ्लॅट घ्यायचा होता. पोटातून दुसऱ्याची पाईप गेलेलं रान कोण घेणार, असं ओळखीतला एकजण बोलता बोलता म्हणाला आणि ते माझ्या डोक्यात बसलं. कारण एवढंच. मोठं कारण असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. दादानं विषय काढला नाही, तो कशाचाच काढत नाही. तुम्हीही काढला नाहीत. मला वाटायचं, कधीतरी काढतील.

मग माझ्या ईशाची बारावी संपली आणि शेगावला जायचं ठरलं. वाटेत लोणार बघू, असं ईशाच म्हणाली. भाड्याच्या गाडीत आपण पाच जणं, तुमच्या मांडीवर जयसिंगपूरच्या भडंगाचा डबा. सोलापूर मागं पडेपर्यंत तुम्ही ड्रायव्हरची सात पिढ्यांची चौकशी केलीत. बीडच्या पुढं त्याला एक स्थळसुद्धा सुचवलंत.

वरच्या कडेवर उभं राहून खाली बघितलं. एवढी मोठी गोल खोल जागा, आणि तळाशी ते हिरवट, न हलणारं पाणी. वर्षातून एकदा विनोद करणाऱ्या दादानं त्या वर्षीचा तिथं केला.

"एवढं लांब मीठ बघायला आलो व्हय? घरात काय कमी होतं?"

"गप बसा," तुम्ही म्हणालात. "हे सरकारी हाय. आपलं घरचं."

अर्चनाला हसू आवरेना. मीही हसलो, पण जरा उशिरा.

खाली उतरताना बरोबर तिथला एक माहितगार माणूस घेतला होता. आकाशातून दगड पडून हा खड्डा झाला, या पाण्यात मासा जगत नाही, असं सांगत तो पुढं चालला होता. पाण्याचा उग्र वास येत होता. कडेच्या वाळलेल्या चिखलावर जागोजाग पांढरं धरलं होतं. एका अंगाला गोड्या पाण्याची धार आहे, ती बारमाही वाहते आणि याच सरोवरात येते, असं त्यानं सांगितलं तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत. बारमाही गोडं पाणी येतंय, तर हे खारं कसं? आणि मग तुमच्या त्या आवाजात, लांबच्या माणसांनीही वळून बघावं असं विचारलंत,

"मग ह्यातनं पानी भाईर कुठनं जातंय?"

"कुठूनच नाही, ताई," तो म्हणाला. "चारी बाजूंनी उंच आहे ना. येतं ते इथंच राहतं. उन्हानं पाणी आटतं, क्षार मागं राहतात."

तुम्ही नुसतं व्हय का म्हणालात. त्यानंतर बराच वेळ तुम्ही बोलला नाहीत. ईशा माझ्या कानाशी येऊन विचारायला लागली, मोठ्या आईला बरं नाही का.

बाकीची सगळी झाडीतून देवळाकडं गेली. तुमचा उजवा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही एका दगडावर टेकलात आणि मी सोबतीला थांबलो. तुम्ही वाकून अंगठ्याच्या नखानं ते पांढरं जरा खरवडलंत. दोन बोटांत चोळलंत. मी बघायला हात पुढं केला तर तुम्ही ते माझ्या हातात दिलं नाहीत, आपल्या दोघांच्या मधल्या दगडावर ठेवलंत. मीठ हातात द्यायचं नाही, भांडण होतं. आपल्या स्वयंपाकघरातही तुम्ही मिठाचं भांडं कधी कुणाच्या हातात दिलं नाही, खाली ठेवायचात आणि उचला म्हणायचात. मी हसलो. म्हणालो, वैनी, हे सरकारी मीठ आहे, याला चालतं. तुम्ही हसला नाहीत. पाण्याकडं बघत म्हणालात,

"भावजी, खालनं पाईप न्यायला द्याल का?"

तो आवाज मला ओळखूच आला नाही. इतकी वर्षं तुमच्या आवाजात वाढलो, आणि हा आवाज मी ऐकलाच नव्हता. इतका हळू, शेजारच्यालाच कळावा एवढा. बाईनं माहेरी काहीतरी मागावं तसा.

मी म्हणालो, "बघू की."

तुम्ही मान हलवलीत. मग गुडघ्यावर हात दाबून उठलात आणि देवळाच्या दिशेनं अशी हाक टाकलीत की झाडावरची माकडं सरकली. अर्चनाला, ईशाला, दादाला, सगळ्यांना भडंग खायला बोलावलंत. येताना गाडीतही पुन्हा तशाच बोलत राहिलात. ड्रायव्हरच्या स्थळाचं पक्कं करूनच सोडणार, असं वाटलं.

दगडावरचं ते मीठ मी उचललं नाही.

त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. दिवाळीला आलो, जत्रेला आलो, रविवारी असाच आलो. निघताना तुम्ही पिशवीत भाजी भरायचात आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता विचारतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. मोटारसायकलवर हातकणंगलेपासून पुढं माझं तुमच्याशी भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचो, वैनी, माझाही संसार आहे. तुमच्या बाजूनंही मीच बोलायचो आणि ती बाजू नेहमी सरस व्हायची, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. घरी पोचून अर्चनाला सांगितलं तर ती म्हणायची, द्या की, त्यात काय एवढं. तिला काय कळतंय, असं मी मनात म्हणायचो.

बाकी सगळ्यावरून आपण भांडलो. ईशाला पुण्याला होस्टेलवर ठेवलं म्हणून तुम्ही मला दोन महिने टोमणे मारलेत. जर्सीच्या दुधावरून तर आपलं कधी मिटलंच नाही. आपलं शेवटचं बोलणं त्यावरूनच. मी फोनवर तुम्हाला दुधाचा सरासरी फॅट समजावून सांगत होतो आणि तुम्ही म्हणालात, तुमच्या संघाला सांगा, पानी आमी घरात बी पितो. मी हसत फोन ठेवला. उद्या याचं उत्तर देऊ, म्हटलं. चांगलं उत्तर सुचलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. तो फोनवर एरवीही बोलत नाही. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मला कळलं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. हल्ली आपल्याकडं रक्षा नदीत सोडत नाहीत, रानात खड्डा काढून त्यात घालतात आणि वर झाड लावतात. तुम्हाला ते आवडायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. दादाची इच्छा होती, तुमच्या रानातच. पण भावकीतला एकजण म्हणाला, त्या मिठात कलम जगणार नाही, वाळलेलं झाड रोज बघत बसशील काय? खालच्या रानात लावा. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी लगेच हो म्हणालो. वैनी, लगेच. कुणाचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. तुम्ही जिवंतपणी माझ्या रानातून पाणी न्यायला मागितलंत तेव्हा माझ्या तोंडातून बघू निघालं होतं. तुमची राख माझ्या रानात आली तेव्हा मला विचार करायला क्षणही लागला नाही. मनीषा माझ्या गळ्यात पडून रडली, काका, तुम्ही होता म्हणून, असं काहीतरी म्हणाली. मी तिला थोपटत राहिलो.

तेव्हापासून तुम्ही माझ्या मागं आहात. दूध संघाच्या आवारात टँकर धुताना कुणी लोखंडी नळी फरशीवर टाकतं आणि मला भावजी ऐकू येतं. त्याला मी भीत नाही. ती तुमची नेहमीची हाक आहे, तिला मी मनातल्या मनात ओ देतो. भीती वाटते ती दुसऱ्या आवाजाची. बँकेत रांगेत उभा असतो, अंघोळ करत असतो, अर्चना बोलत असते, आणि मध्येच कुणीतरी अगदी शेजारून, हळू, तेच विचारतं. मी वळतो. अर्चना म्हणते, काय झालं. काही नाही म्हणतो.

कलमाला पाणी घालायला म्हणून मी एका रविवारी गेलो. ओढ्याकडून न जाता घराकडून, तुमच्या रानातून गेलो. इतक्या वर्षांत त्या पांढऱ्या पट्ट्यातून मी चाललो नव्हतो, बाजूच्या वाटेनं जायचो. हिवाळ्यात ते रान ओलं राहतं, उन्हं वाढली की वर पापुद्रा धरून कडक होतं. त्या पापुद्र्यात पावलं उठली होती. चपलेचे ठसे, उजवा पाय जरा ओढून टाकलेला. एकदाचे नव्हेत. जाणारे आणि येणारे, एकमेकांवर पडलेले, वाटच झाली होती. ऊस नाही, पीक नाही, गवत नाही, अशा रानात तुम्हाला रोज काय काम होतं?

मी ठशांच्या कडेकडेनं चालत गेलो. ते सरळ माझ्या बांधापर्यंत येत होते. तिथं खूप पावलं होती, एका जागी उभं राहून माणूस पाय बदलतं तशी. तिथून सगळी मागं फिरलेली. बांधावर एकही नाही, बांधाच्या पलीकडं माझ्या रानात एकही नाही.

मी कलमाला पाणी न घालताच परत आलो आणि दादापुढं बसलो. तो सोप्यात असतो आता दिवसभर. ते घर गप्प झालंय, वैनी. दुपारी घड्याळ ऐकू येतं. मी दादाला सगळं सांगितलं. लोणार, दगड, तुम्ही काय विचारलंत, मी काय म्हणालो. फ्लॅटचंही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला,

"म्हाईत हाय. त्याच दिवशी सांगिटलंतं तिनं, गाडीत बसताना."

मग दादा बोलला. आयुष्यात एकदम एवढं बोललेला मी त्याला ऐकला नव्हता.

"मी म्हटलं, परत इचार की. एकदा बघू म्हटला म्हंजे न्हाई म्हटला न्हवं. तर म्हणाली, परत इचारलं तर त्यास्नी न्हाई म्हणायला लागंल. आणि एकदा तोंडातनं न्हाई गेलं की ह्या दारात येताना मान खाली घालून येतील. मग येनारच न्हाईत. रान गेलं तर गेलं."

मी तुमच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होतो, वैनी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला नाही म्हणायचं नव्हतंच. मला तुम्ही आणखी एकदा मागायला हवं होतं, मग मी मोठेपणानं दिलं असतं. ज्या घरात माझं नाक पुसलं गेलं त्या घराला मी एकदा तरी द्यावं आणि ते त्यांनी माझ्याकडं मागून घ्यावं, एवढा कोतेपणा माझ्यात होता. आणि तुम्ही मला नाही म्हणावं लागू नये म्हणून रोज बांधापर्यंत येऊन परत जात होतात. माझी दाराशी येतानाची मान वर राहावी म्हणून तुमच्या रानात मीठ साठत राहिलं.

मी दादाला म्हणालो, पाईप टाकूया. या उन्हाळ्यातच.

"राहू दे आता," तो म्हणाला. "कुणासाठी?"

मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तो कधी राहू दे म्हणाला, कधी नुसता उठून गोठ्यात गेला. एकदा विचारून गप्प बसणं तुम्हाला जमलं, कारण तुम्हाला माझी लाज राखायची होती. मला आता कुणाची लाज राखायची? मी सोप्यात उभा राहून मोठ्यानं विचारतो. पाईप टाकायची का, दादा? शेजारचे ऐकतात, ऐकू देत. अर्चना फोनवर विचारते. मनीषाला सांगितलं, तीही विचारते. एका रविवारी तर त्यानं माझ्यावर आवाज चढवला, कंटाळा आनलास लेका तू. दादाचा चढलेला आवाज त्या घरात पहिल्यांदाच ऐकला आणि मला बरं वाटलं.

काल गेलो तर तो सोप्यात नव्हता. परड्यात उभा होता, पायात चपला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "चल. कुठनं न्यायची, दाव."

आम्ही पांढऱ्या रानातून निघालो. मी पुढं, दादा मागं. त्याला तुमच्या ठशांवर पाय द्यायचा नव्हता, तो कडेनं चालत होता, मीही. पायाखाली पापुद्रा मोडत होता, वाळल्या पापडासारखा. माझ्या पायांचा आवाज, मग दादाच्या. आणि त्याच्यामागून आणखी एक, एक पाय जरा ओढून टाकलेला. दादानंही ऐकलं असावं, कारण तो चालताना थांबला नाही आणि मागंही वळला नाही. मीही वळलो नाही. बांध आला. मी त्यावर चढलो, पलीकडं माझ्या रानात उतरलो, दादाला हात दिला. तो उतरला. मग मागचा आवाज बंद झाला.

वैनी, या की. पुढं ओढ्यापर्यंत जायचंय.